डिचोलीची न झालेली लढाई



तुझा मेसेज आला तेव्हा इथे दुपारचे तीन वाजत होते, म्हणजे तुमच्या एडमंटनला रात्रीचे अडीच. एवढ्या रात्री तू जागी, शेजारी भावोजी घोरतायत आणि तुझा अंगठा स्क्रीनवरून वर-खाली चाललाय. मला सगळं दिसलं गं. भावोजींना साखर निघाली म्हटल्यावर तुझी झोप उडणारच. हॉस्टेलवर मला साधा ताप आला तरी तू उशाशी बसून रात्रभर पट्ट्या बदलायचीस. पण तुझ्या मेसेजातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘इथे सगळं लिहिलंय गं, पण कुणाचं खरं मानू?’ याचं उत्तर अंगठ्याने टाईप करून भागणार नाही, म्हणून हे पत्र. चहा करून घे आणि निवांत बस. साखर घातलीस तरी चालेल, रिपोर्ट त्यांचा आहे.

आधी इकडची खबर. सावंतवाडीत थंडी पडायला लागलीय, सकाळी मोती तलावावरून चालताना शाल लागते. गेल्या रविवारी तुझ्या माहेरी, गोव्यात डिचोलीला जाऊन काकूंना भेटून आले. तब्येत ठणठणीत. जावयाच्या साखरेचं कळल्यापासून त्यांनी मेथीदाणे निवडून डबा भरून ठेवलाय, आणि कॅनडात मेथी मिळते यावर त्यांचा काही केल्या विश्वास बसत नाही. मला दोन वेळा वाढून, वर ‘किती वाळलीस गं’ ऐकवून त्यांनी संध्याकाळच्या एसटीत बसवून दिलं.

आता तुझ्याकडे वळते. तू परीक्षेत दर प्रश्नावर पर्यवेक्षकांना उठवणारी मुलगी, आणि मोबाईलवर आलेलं मात्र डोळे मिटून पुढे ढकलतेस! दिवाळीत तू पाठवलेला तो फोटो आठवतोय? अवकाशातून दिसणारा भारत, लाल-निळ्या-हिरव्या दिव्यांनी झगमगलेला, खाली ‘नासाने टिपलेली दिवाळीची रात्र’. तो दरवर्षी येतो. तुला सांगते त्याची खरी गोष्ट. ते एका रात्रीचं चित्रच नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान आणि महासागर संस्थेतल्या क्रिस एल्व्हिज या शास्त्रज्ञाने उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून ते २००३ साली तयार केलं. शहरांचे दिवे कसे वाढत गेले ते दाखवायला त्याने रंग भरले. पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे आणि लाल २००३ चे. २०१२ मध्ये नासाने खुलासा केला आणि त्या दिवाळीतली खरी प्रतिमाही दाखवली. ती साधी करडी आहे. पणत्यांनी वाढणारा उजेड इतका थोडा असतो, की अवकाशातून तो जाणवतही नाही.

हे शोधायला मला फारसं काही करावं लागत नाही. फोटो गूगल लेन्सला दाखवला की ते तोच फोटो आणखी कुठे आहे ते दाखवतं. ‘टिनआय’ नावाची एक जुनी साइट आहे, तिथे सगळ्यात जुनी प्रत आधी बघायची सोय आहे. कालचा म्हणून आलेला फोटो दहा वर्षांपूर्वीही कुणीतरी टाकलेला दिसला, की पुढचं बोलायलाच नको. पूर आला, दंगल झाली, की अशा जुन्या फोटोंना नवे मथळे मिळतात आणि माणसं घाबरून घराबाहेर पडतात. दिवाळीच्या फोटोने कुणाचं वाकडं होत नाही, पण त्या फोटोंनी होतं, म्हणून मला ही सवय फार मोलाची वाटते.

मधुमेहाचं बघू. तू स्क्रीनशॉट पाठवलास म्हणून मला कळलं तू काय शोधलंस ते: ‘मधुमेह मुळापासून घालवणारा घरगुती उपाय’. अगं, असं विचारल्यावर असा उपाय असतो म्हणणारेच समोर येणार ना! ज्यांना काढा विकायचाय त्यांनी हेच शब्द मथळ्यात घालून ठेवलेले असतात, कारण घाबरलेलं माणूस रात्री अडीच वाजता काय टाईप करणार हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. वरचे पहिले दोन निकाल तर ‘प्रायोजित’ होते, पैसे देऊन तिथे बसलेले. तो बारीक शब्द तुझ्याच स्क्रीनशॉटवर आहे, बघ. प्रश्नात उत्तर घालू नकोस, एवढंच सांगणं. ‘टाईप २ मधुमेह उपचार’ एवढं कोरडं विचार. एखाद्या काढ्याचं नाव आलंच, तर त्याच्यापुढे ‘फायदे’ लिहिण्याऐवजी ‘दुष्परिणाम’ आणि ‘पुरावा’ लिहून बघ. पान कसं पालटतं ते तुझं तुलाच दिसेल.

आणि कुणाला विचारायचं तेही आपल्या हातात असतं. इंग्रजीत ‘साइट’ लिही, त्याला चिकटून दोन टिंबं दे, मग संस्थेचा पत्ता आणि पुढे तुझा विषय. शोध तेवढ्याच दारात होतो. तुमच्याकडे ‘डायबिटीस कॅनडा’ आहे, त्यांच्या डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचना सगळ्यांना खुल्या आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं ‘मेडलाइनप्लस’ साध्या भाषेत आहे आणि त्यावर जाहिराती नाहीत. नेमकं वाक्य हवं असेल तर ते अवतरणचिन्हांत घाल. नको असलेला शब्द वजाचं चिन्ह चिकटवून काढून टाक. वाचनालयात येणाऱ्या मुलांना मी हे शिकवते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जादू बघितल्यासारखा आनंद असतो. खरं तर या सोयी वर्षानुवर्षं तिथेच पडून आहेत.

हल्ली सगळ्यात वर यंत्राने लिहिलेला सारांश येतो. तू तेवढाच वाचून मला पाठवलास, हो ना? भाषा कशी छान, ठाम. पण त्यात दोन ठिकाणची दोन वेगळी विधानं एकाला एक जोडलेली होती, नि जोड कुठे दिसत नव्हता. खालचे दुवे उघडले तेव्हा एक दुवा अभ्यासाचा निघाला आणि दुसरा पावडर विकणाऱ्याचा. सारांशात मात्र दोघांना एकच मान.

तुझा खरा प्रश्न राहिलाच, कुणाचं खरं मानू? तुला तुझं लग्न ठरतानाचं आठवतंय? तुझ्या बाबांनी भावोजींच्या घरी पाऊल टाकायच्या आधी त्यांच्या गल्लीतला किराणावाला गाठला होता. मग बँकेतला कारकून, मग त्यांच्या शाळेतले मास्तर. काकू म्हणत होत्या, ‘अहो, आधी मुलगा तर बघा!’ आणि बाबा म्हणाले, ‘मुलगा इस्त्रीचा शर्ट घालूनच बसणार आहे, त्यात काय बघायचं?’ वेबसाइटचं तंतोतंत हेच आहे. पानावर बसून पानाची चौकशी होत नाही.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी हे पारखून बघितलं, अभ्यास २०१७ साली बाहेर आला. त्यांनी पीएचडी झालेले १० इतिहासकार, २५ विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणं हाच पेशा असलेले १० जण यांना वेबसाइटी पारखायला दिल्या. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकन संघटना होत्या, नावं ऐकायला जवळजवळ सारखी. एक १९३० पासूनची, हजारो डॉक्टरांची. दुसरी २००२ साली तिच्यातून फुटून निघालेली, अगदी छोटी. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकारसुद्धा त्याच पानावर वर-खाली करत राहिले. मांडणी, बोधचिन्ह, तळटिपा न्याहाळत राहिले आणि फसले. तपासनीस मात्र पान उघडल्या उघडल्या बाहेर पडले. शेजारी नवा टॅब उघडून ‘ही संघटना कोण?’ असं त्यांनी इतरांना विचारलं आणि थोड्याच वेळात छडा लावला. तुझ्या बाबांना हे वाचून दाखवायला हवं होतं. खूश झाले असते.

आता तू पाठवलेल्या त्या व्हिडिओचं. ‘लंडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, मधुमेह कायमचा बरा!’ मी त्याच्या मागे मागे गेले, कारण अशा निरोपांच्या उगमाशी पुष्कळदा काहीतरी खरं असतं. इथेही होतं. ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास, २०१७ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला. लंडन नाहीच; स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडातला टाइनसाइड भाग. तिथल्या निम्म्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोजच्या जेवणाऐवजी मोजून सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींचा आहार दिला, तोही दवाखान्याच्या देखरेखीखाली. मग हळूहळू नेहमीचं जेवण. एका वर्षाने त्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत फक्त ४ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले. त्यांनी ‘बरा’ हा शब्द वापरलेलाच नाही. आजार माघारी गेलाय, वजन वाढलं तर परत येऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं.

हे मला खरंच आशेचं वाटतं, अगं. पण अभ्यासात घेतलेली माणसं कोण होती ते बघ: मधुमेह निघून सहा वर्षं झालेली नाहीत, इन्शुलिन चालू नाही आणि वजन भरपूर. भावोजी लग्नात शेरवानीला आतून सेफ्टी पिना लावून उभे होते, आजही तसेच काडीपैलवान! त्यांना यातलं काय लागू पडेल ते त्यांचे डॉक्टरच सांगतील. आणि व्हिडिओत शेवटी जी पावडर विकायला काढलीय, तिचा त्या अभ्यासात उल्लेखसुद्धा नाही. गोळी तेवढी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू देऊ नकोस. मी हात जोडून सांगते.

मोठ्या डॉक्टरांचं नाव दिसलं म्हणून हुरळूही नकोस. गरम नारळपाण्याने कॅन्सर मरतो, हा निरोप टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने घरोघर फिरला. ते असं काही म्हणालेच नव्हते, हॉस्पिटलला स्वतः खुलासा करावा लागला. पेशंटच्या घरचे लोक असा निरोप कोणत्या अवस्थेत वाचत असतील याचा विचार आला की मला फार राग येतो.

आता तुला सगळ्यात गमतीची गोष्ट सांगते, कधीपासून पोटात धरून ठेवलीय. तुझ्या डिचोलीत १६४० साली मोठी लढाई झाली होती, माहीत होतं का तुला? पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात. १६४० च्या मध्यापासून १६४१ च्या सुरुवातीपर्यंत चालली आणि तह होऊन मिटली. इंग्रजी विकिपीडियावर २००७ च्या जुलैत यावर लेख आला. साडेचार हजार शब्दांचा, तळटिपा, संदर्भग्रंथ, सगळं साग्रसंगीत. सप्टेंबरात त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला, जो तिथे फार थोड्या लेखांना मिळतो. आणि साडेपाच वर्षं, पार २०१२ च्या डिसेंबरापर्यंत, ती लढाई तिथे सुखाने नांदली.

झालीच नव्हती गं ती! कुणीतरी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत रचलेली. शेवटी तिथल्याच एका संपादकाने, पगार नाही की कुणी सांगितलेलं नाही, तळटिपांतली पुस्तकं शोधायला घेतली. त्यातली महत्त्वाची पुस्तकंच अस्तित्वात नव्हती. मग लेख काढून टाकला. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. लेखाला दर्जा देणाऱ्यांनी तळटिपा आहेत एवढं पाहिलं, याने त्या उघडून बघितल्या. विकिपीडियाला नावं ठेवायची म्हणून मी हे सांगत नाहीये. खोटं रचलं गेलं तेही तिथेच आणि शोधून काढलं तेही तिथेच, आणि लेख का काढला याची चर्चा आजही सगळ्यांना वाचता येते. एवढा उघडा कारभार किती छापील पुस्तकांचा असतो, सांग. मी मुलांना विकिपीडिया वाचा म्हणते, पण लेखाच्या तळाशी जाऊन तिथल्या दारातून बाहेर पडा म्हणते.

पण मला खरी चुटपुट कसली लागते सांगू? आपल्याकडच्या चौथीतल्या पोरानेही तो लेख पहिल्या ओळीत पकडला असता. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते! शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत. राज्याभिषेक १६७४ चा. १६४० मध्ये मराठा साम्राज्य आणायचं कुठून? आणि तुझी डिचोली तेव्हा विजापूरकरांची. महाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार केला तो १६६८ मध्ये, आणि पोर्तुगीजांच्या हातात डिचोली गेली ती अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी, नव्या काबिजादीत, म्हणजे त्यांनी नंतर घेतलेल्या मुलखात. आपल्या हिस्टरीच्या बाई सनावळ्या घोकून घ्यायच्या तेव्हा तू मागच्या बाकावर चिंचा खायचीस, तरी हे तुलाही ठाऊक आहे. तो लेख वाचणाऱ्या जगभरच्या लोकांत त्या पाच वर्षांत डिचोलीचं, सावंतवाडीचं, साताऱ्याचं कुणी नव्हतं, किंवा असूनही ‘एवढ्या तळटिपा आहेत म्हणजे खरंच असेल’ म्हणून गप्प बसलं. याचं मला वाईट वाटतं. म्हणून मी मुलांना सांगते, गूगल आहे म्हणून पाठांतर सोडू नका. डोक्यात चार सनावळ्या पक्क्या असल्या की पाचवी खोटी आली तर ती टोचते. ज्याच्या डोक्यात काहीच नाही, त्याला काहीच टोचत नाही.

वाचनालयात ही गोष्ट सांगितल्यावर एका मुलीने हट्टाने खऱ्या डिचोलीचा इतिहास शोधायला घेतला. नावातच घोळ, पोर्तुगीज आणि इंग्रजी कागदांत बिचोलिम, जुन्या मराठीत आणखी वेगळं, आणि तेवढ्या सगळ्या नावांनी शोधावं लागतं. जुनी मराठी पुस्तकं शोधताना आणखी एक गंमत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं पुस्तक असेल तर अनुस्वार देऊन शोधायला लागतं, ‘नांव’, ‘कांहीं’, ‘गोव्यांत’. आपण आजच्यासारखं लिहिलं की ते सापडत नाही आणि आपल्याला वाटतं असं काही लिहिलंच गेलेलं नाही. कितीतरी मराठी मजकूर स्कॅन केलेल्या चित्रांत नाहीतर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत अडकलाय, तो गूगलला नीट दिसत नाही. ‘सर्चमध्ये आलं नाही’ आणि ‘नाही’ यांत मराठीपुरतं तरी फार मोठं अंतर आहे. मग मी तिच्यासाठी विश्वकोश उघडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून उभा करायला घेतलेला तो सगळा डोंगर आता ऑनलाइन आहे, फुकट. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. नाव घालून लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला आपोआप भरवसा वाटतो.

अजून एक सांगते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी परवा घाईघाईने आल्या, हातात मोबाईल. ‘लाडकी बहीण’ योजनेचे पंधराशे रुपये बंद होणार, आजच्या आज या लिंकवर आधार नि बँकेचा नंबर भरा, असा मेसेज. सोबत शासन निर्णयाचा फोटो, राजमुद्रा, सही, सगळं. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून तो फोटो बोटांनी मोठा करत गेलो. शासन निर्णयाच्या शेवटी, सहीच्या वर, ‘संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक’ असं लिहून एक लांबलचक आकडा असतो. सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस. तो आकडा शासनाच्या साइटवर टाकला की खरा कागद निघतो. या कागदावर ती ओळच नव्हती. आणि लिंकमध्ये ‘गव्ह’ होतं खरं, पण मध्येच कुठेतरी कोंबलेलं. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या रेघेच्या लगेच आधी ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असं संपलं तरच ते सरकारचं मानायचं. मावशी बारकाईने बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे आडनाव शेवटी बघायचं.’ आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी वस्तीतल्या सगळ्या बायकांना ते शिकवून टाकलं. मला इतका आनंद झाला ना!

तर आता कामाचं. त्या पावडरवाल्या साइटवर पूर्वी काय होतं ते मी ‘वेबॅक मशीन’वर बघून ठेवते. तिथे १९९६ पासूनच्या पानांच्या जुन्या प्रती जपलेल्या असतात. पत्ता मला पाठव, व्हिडिओ नको. भावोजींच्या एचबीएवनसी या साखरेच्या तपासणीचा आकडा आणि वजन एका कागदावर लिहून ठेव. डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही लिहून ने, नाहीतर तिथे गेल्यावर तू हवापाण्याच्या गप्पा मारून परत येशील. काकूंना मी ‘डायरेक्ट’ची गोष्ट सोपी करून सांगितलीय. त्यांचा निष्कर्ष असा, की जावयाने आधी वजन वाढवावं, म्हणजे मग कमी करता येईल. त्यांच्याशी तूच बोल.

मार्चमध्ये येताय ना दोघं? नार्व्याला जाऊ, भावोजींनी सप्तकोटेश्वर अजून बघितलेला नाही. तिकिटं काढलीस की लगेच तारीख कळव. मार्चअखेर वाचनालयाचं ऑडिट असतं, मला रजा आधी टाकावी लागेल.

तुझीच